दोरीचे खालचे टोक

मराठी भाषेत दोरीचा संचार मोठा. एखादा माणूस भयंकर अपघातातून सुखरूप उठला, की आपण म्हणतो, त्याच्या आयुष्याची दोरी बळकट. मुलाचे वागणे हाताबाहेर गेले, की शेजारीण म्हणते, आईने दोरी फार सैल सोडली. संसाराच्या, संस्थेच्या आणि सरकारच्या दोऱ्या कुणाच्या तरी हाती असतात. एखादा गर्विष्ठ माणूस धुळीला मिळूनही ताठ तो ताठच राहिला, तर सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे म्हणून आपण हसतो. पण या सगळ्यांत मानाचे पान द्यावे असा वाक्प्रचार म्हणजे ‘परतीचे दोर कापणे’. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले आणि मावळ्यांचे पाय मागे वळू लागले. तेव्हा कड्यावरचे दोर कापले गेले आहेत, आता मागे वाट नाही, असे सांगून सूर्याजीने त्यांना पुन्हा लढाईवर घातले, ही कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शौर्य म्हणजे परतीचे दोर कापणे, अशी आपल्या मनाची घडणच होऊन गेली आहे.

हा वाक्प्रचार वर्गात अठरा-एकोणीस वर्षे शिकवल्यावर, २०२५ च्या जानेवारीत मी एक संबंध दिवस अशा ठिकाणी घालवला, की जेथे दोरांवाचून दुसरे काही नाही, आणि जेथे परतीचे दोर मुद्दाम शाबूत ठेवलेले असतात. आमच्या कॉलेजच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची चौतीस मुलेमुली आणि त्यांच्याबरोबर मी, असे आम्ही पुण्याहून भल्या पहाटे बसने निघालो आणि पवना धरणाच्या बाजूला एका शिबिराच्या जागी जाऊन पोहोचलो. समोर धरणाचे निळे पाणी, चहूकडे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे बेलाग पहारेकरी, आणि मध्ये माळावर रोवलेले उंच उंच खांब. खांबाखांबांतून दोर, फळ्या आणि जाळ्या टांगलेल्या. सर्कशीचा तंबू कुणी उडवून नेला आणि आतला सांगाडा तेवढा उरला, असे ते दृश्य.

या प्रकाराला इंग्रजीत ‘रोप्स कोर्स’ म्हणतात. सध्या शाळा-कॉलेजांपासून कचेऱ्यांपर्यंत त्याची चलती आहे. घरी हे सांगितले, तेव्हा आमच्या सासूबाईंनी रास्त प्रश्न केला : “दोरावर चढायला शिकायला इतक्या लांब आणि पैसे देऊन कशाला जायचं? आमच्या वेळी आखाड्यात फुकट शिकवीत.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, आणि दोरीचा मल्लखांब तर आज महाराष्ट्रातल्या मुलींनी आपलाच करून टाकला आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी मुलेही आपल्या दोरीला लटकली. परंतु मल्लखांबाच्या दोरीवरचे कौशल्य हे एकट्याचे. दोरी वर बांधलेली आणि खेळाडू तिच्यावर. पवनेकाठच्या दोराचे तसे नव्हते. त्या दोराच्या दोन्ही टोकांना माणसे होती, आणि सारी गंमत तेथेच होती.

या दोरांचा इतिहासही मोठा वेधक आहे. जॉर्ज एबेर नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी होता. १९०२ साली मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीचा स्फोट होऊन सेंट पिअर हे भरलेले शहर काही मिनिटांत भस्म झाले आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मेली. त्या संकटात लोकांना वाचवण्याचे काम एबेरच्या वाट्याला आले होते. नुसते बलदंड शरीर असून भागत नाही, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडले पाहिजे, हे तत्त्व त्याने जन्मभर सांगितले. धावणे, चढणे, तोल सांभाळणे, ओझे उचलणे असे अडथळ्यांचे मार्ग आखून त्याने फ्रेंच खलाशांना तयार केले. आज पलटणींत आणि एन. सी. सी. च्या शिबिरांत जे अडथळ्यांचे मैदान दिसते, त्याचे नाते या मार्गांशी आहे.

दुसरा गृहस्थ कुर्ट हान. हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू शिक्षक. नाझींविरुद्ध तोंड उघडले म्हणून १९३३ साली त्याला तुरुंगात टाकले. सुटल्यावर तो ब्रिटनमध्ये आला आणि १९३४ साली त्याने स्कॉटलंडात गॉर्डनस्टन ही शाळा काढली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवू लागल्या, आणि लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. होड्यांतून वाट काढणाऱ्या खलाशांत तरणीताठी पोरे हाय खाऊन मरत, आणि वयस्क खलाशी मात्र तगून राहत. पोरांच्या दंडांत बळ होते; पण आपण तगू आणि आपल्या सोबत्याला तगवू, हा भरवसा नव्हता. तो भरवसा शिकवण्यासाठी हान आणि होल्ट यांनी १९४१ साली वेल्समध्ये अॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ नावाची शाळा सुरू केली. बंदर सोडून समुद्राकडे निघालेल्या जहाजाला खलाशी जे म्हणतात, तेच हे नाव. तेथून हे लोण १९६२ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गेले, आणि १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका हायस्कुलात ‘प्रोजेक्ट अॅडव्हेंचर’ या नावाने त्याने शाळेच्या आवारात पाऊल टाकले. डोंगर मुलांकडे आणता येत नव्हता, म्हणून त्यांनी खांब आणले.

याच मंडळींनी एक मोलाचा नियम घालून दिला : आव्हान ज्याचे त्याने आपल्या मर्जीने घ्यायचे. कुणी अर्ध्यावरून उतरतो म्हणाला तर उतरू द्यायचे. हसायचे नाही, ढकलायचे नाही, ‘एवढंही जमत नाही?’ असे म्हणायचे नाही. सूर्याजीचे दोर रणांगणासाठी होते. शिकणाऱ्यासाठी दोर शाबूत हवेत.

आता आमच्या मंडळींविषयी. कुठल्याही कॉलेजच्या वर्गात असतात तसे आमच्या वर्गातही दोन प्रांत होते. खिडकीकडचा प्रांत शहरी, इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा, घरचे डबे आणि झोकदार पाण्याच्या बाटल्यांचा. दाराकडचा प्रांत लातूर, बीड, नंदुरबारकडून आलेल्यांचा, वसतिगृहाचा आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्यांचा. भांडण नव्हते, पण मधला बोळ कुणी ओलांडीत नसे. दाराकडच्या शेवटच्या बाकावर लातूर जिल्ह्यातला एक मुलगा बसे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत तो मोटारसायकलवरून लोकांनी मोबाइलवर मागवलेले जेवण घरोघरी पोहोचवी आणि सकाळच्या पहिल्या तासाला बहुधा गैरहजर राही. सहलीच्या आठच दिवस आधी तो मला भेटून म्हणाला होता, “मॅडम, ह्या परीक्षेनंतर बहुतेक जमायचं न्हाई. हजेरी पण भरत न्हाई अन् अभ्यास पण होत न्हाई.” सहलीला तो आला, तो पैसे आधीच भरले होते म्हणून.

शिबिराचे प्रमुख शिक्षक मावळातल्याच एका गावचे तरुण. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक शिक्षण घेऊन आलेले. मुले त्यांना लगेच ‘दादा’ म्हणू लागली. दादांनी प्रथम सर्वांचे मोबाइल एका पेटीत जमा केले, पोहे खाऊ घातले आणि मंडळींना जमिनीलगतच्या खेळांकडे नेले.

पहिला खेळ कोळ्याच्या जाळ्याचा. दोन झाडांमध्ये दोऱ्यांचे मोठे जाळे विणलेले. सगळ्यांनी भोकांतून पलीकडे जायचे. एक भोक एकदाच वापरायचे. दोरीला स्पर्श झाला की सर्वांनी पहिल्यापासून सुरुवात. वीस मिनिटे नुसती चर्चा झाली. सगळे बोलत होते, ऐकत कुणीच नव्हते. आपली एखादी विधायक बैठक चालावी तसे ते चालले होते! दादांनी पाच सर्वांत बोलक्या मुलांना खुणेने बाजूला घेतले आणि अर्धा तास एक शब्दही बोलायचा नाही, असे फर्मावले. एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत नंदुरबारकडची एक मुलगी हळूच म्हणाली, “मोठी भोकं जाड मुलांसाठी राखून ठेवू, आणि बारीक मुलींना उचलून वरच्या भोकांतून देऊ.” हेच ती आधीपासून दोनदा म्हणाली होती. तिसऱ्यांदा ते लोकांच्या कानांवर पडले, आणि पाऊण तासात चौतीसही जण पलीकडे गेले.

दुसरी भिंत. बारा फूट उंचीची, गुळगुळीत फळ्यांची, धरायला काही नाही. सगळ्यांनी तिच्यावरून पलीकडे जायचे, म्हणजे एकमेकांच्या मांड्यांवर आणि खांद्यांवर पाय दिल्यावाचून गत्यंतर नाही. आणि येथे एक अस्सल आपल्याकडचा पेच उभा राहिला. दुसऱ्याला पाय लागला की आपला हात आपोआप त्याच्याकडे जातो आणि मग स्वतःच्या छातीला लागतो. येथे तर जाणूनबुजून पाय द्यायचा! पहिल्या मुलीने बूट काढले, खाली वाकलेल्या दोघी मैत्रिणींच्या खांद्यांना हात लावून नमस्कार केला आणि मग पाऊल ठेवले. कुणी सांगितले नव्हते. पण तिच्यामागून प्रत्येकाने तसेच केले. खिडकीच्या प्रांताचे पाय दाराच्या प्रांताच्या खांद्यांवर, आणि उलटही. शेवटचा मुलगा खाली एकटा उरला, तेव्हा वरून दोघे कमरेपर्यंत खाली लोंबकळले, चौघांनी त्यांचे पाय धरले, आणि तो उडी मारून त्यांच्या मनगटांना लागला. दहीहंडीच्या थरांत खालचा थर कुणाच्या लक्षात राहत नाही. येथे प्रत्येकजण केव्हा तरी खालचा थर झाला होता.

दुपारच्या जेवणानंतर उंच दोरांची पाळी आली. तीस फुटांवर तीन दोरांचा पूल : एका दोरावरून चालायचे आणि दोन हातांनी धरायचे. याला ही मंडळी ‘बर्मा ब्रिज’ म्हणतात. चढणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस, डोक्याला हेल्मेट. हार्नेसला लावलेला दोर वरच्या कप्पीतून फिरून खाली येतो, आणि त्याचे खालचे टोक जमिनीवर उभ्या असलेल्या सोबत्याच्या हातात असते. या धरण्याला ‘बिले’ म्हणतात. मला आधी विजेची बिले आठवली. पण हीही तशी चुकवून चालणारी नव्हेत. धरणाऱ्याच्या कमरेला एक लहानसे धातूचे साधन असते, त्यातून दोर वळसा घेऊन जातो. दोर ताणला, की घर्षणाने जागच्या जागी आवळला जातो. मात्र खालचा हात क्षणभरही दोरावरून निघता कामा नये. दादांनी तासभर फक्त हा हात शिकवला. चढायला कसे ते पाच मिनिटांत सांगितले.

मला हे उलटे वाटले, तेव्हा दादांनी १९५३ सालाची गोष्ट काढली. त्या वर्षी २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, हे शाळेतले पोरही सांगते. पण त्याआधी महिनाभर, खुंबूच्या हिमप्रपातात हिलरी एका भेगेत कोसळला होता आणि तेनसिंगने क्षणार्धात दोर रोखून धरला, म्हणून तो वाचला, हे किती जणांना ठाऊक असते? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये के-टू शिखरावर एक अमेरिकन तुकडी आजारी सोबत्याला उतरवीत असताना एकाचा पाय घसरला, दोरांत दोर अडकले आणि पाच जण घसरत निघाले. पीट शोनिंग या एका माणसाने बर्फकुऱ्हाड खडकामागे रोवून, दोर अंगाभोवती घेऊन, त्या सर्वांना रोखून धरले. ती तुकडी शिखरावर पोहोचली नाही. पण गिर्यारोहक आजही त्या एका धरण्याची आठवण काढतात. आणि योगायोग असा, की ज्या प्रकारचा दोर आमच्या मुलांच्या हातात होता, आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले आवरण, तो प्रकारही जर्मनीतल्या एडेलरिड या कारखान्याने १९५३ मध्येच काढला. बोटाएवढा जाड, पण दोन टनांहून अधिक ओढ सोसणारा.

जोड्या दादांनी पाडल्या. वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणारी आमची वर्गप्रतिनिधी, खिडकीच्या प्रांताची जणू राणीच, आणि शेवटच्या बाकावरचा तो लातूरचा मुलगा, अशी एक जोडी पडली. वर्षभर एका वर्गात बसून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

मुलगी चढली झपाझप. पुलाच्या मध्यावर गेली आणि थांबली. दोर हलू लागले, तसे तिचे गुडघे हलू लागले. “मला नाही जमणार,” ती ओरडली, आणि मग तेही ओरडेना. खालून दहा जणांनी दहा सूचना केल्या. दादांनी हाताने सर्वांना गप्प केले आणि त्या मुलाकडे पाहिले. तो मान वर करून, दोर दोन्ही हातांत आवळून, साध्या आवाजात बोलू लागला :

“खाली नको बघू. दोर माझ्याकडं हाय. गावाकडं इहिरीतली मोटार काढाया माझा बाप खाली उतरतो, तवा मीच धरतो दोर. अजून कधी निसटला न्हाई. तुला पुढं जायचं तर जा, माघारी यायचं तर ये. मी हितंच हाय.”

मुलगी किंचित काळ तशीच उभी राहिली. मग तिने एक पाऊल पुढे टाकले. मग दुसरे. पलीकडच्या खांबाला तिने मिठी मारली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तो मुलगा टाळ्या वाजवू शकत नव्हता. त्याचे हात अजून दोरावर होते. ती जमिनीवर टेकल्यावरच त्याने ते सोडले.

मग तो चढला आणि तिने दोर धरला. ती वजनाने हलकी, म्हणून तिच्या मागे आणखी दोघी दोर धरून उभ्या केल्या होत्या. चढताना तिला जेवढा घाम आला नव्हता, तेवढा धरताना आला. नजर त्याच्यावरून एकदाही हलली नाही.

व्यायामशाळेत घडवलेला आमचा एक दणकट विद्यार्थी मात्र दहा फुटांवरूनच उतरतो म्हणाला. नियमाप्रमाणे कुणी हसले नाही. तो सावकाश उतरला, घटकाभर खाली मान घालून बसला आणि मग आपण होऊन दोर धरायला उभा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने अकरा जणांचे दोर धरले. त्या दिवसाचा हिशेब मांडायचा, तर त्याच्या खात्यावर काय लिहावे? मी तरी नापास लिहिणार नाही.

सूर्य तुंगाकडे कलल्यावर सगळे गोल करून बसले. आज आपण काय केले हे सांगायचे नाही, दुसऱ्या कुणामुळे काय झाले ते सांगायचे, अशी दादांची अट होती. जाणकार म्हणतात, की या बसण्यावाचून सारा दिवस नुसती जत्रा ठरतो, आणि ते खरे वाटते. वक्तृत्वातली बक्षिसे मिळवलेल्या मुलीला त्या वेळी एकच वाक्य सुचले : “मी वर होते तेव्हा मला फक्त एक आवाज ऐकू येत होता.”

एका दिवसात माणसे पालटतात, असे मी म्हणणार नाही. आमच्या वर्गात खिडकी आणि दार हे प्रांत अजून आहेत. दोर सुटले म्हणजे गाठीही सैल होतात. पण काही गोष्टी घडल्या त्या सांगायला हव्यात. सहलीनंतरच्या आठवड्यात त्या मुलीने आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी पहिल्या तासाच्या टिपणांची वाटणी करून घेतली, आणि दर शनिवारी त्या टिपणांची एक प्रत शेवटच्या बाकावर जाऊ लागली. उपकार म्हणून नव्हे. कारण मराठीच्या व्याकरणात आणि ग्रामीण कथांतल्या शब्दांत अडले, की त्याही त्याच बाकाकडे येत. मुलाने एप्रिलमध्ये परीक्षा दिली. आता तो तिसऱ्या वर्षात आहे. रात्रीची नोकरी सुटलेली नाही, सकाळचा तास अजूनही कधी कधी बुडतो. पण ‘जमायचं न्हाई’ हे शब्द घेऊन तो माझ्याकडे पुन्हा आलेला नाही.

शेवटी आईवडिलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या मुलांना अशा शिबिराला जरूर पाठवा. पण डोळे मिटून पाठवू नका. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी उपक्रमांसाठी धोरण जाहीर केले आणि आयोजकांना नोंदणीची अट घातली. तेव्हा नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. शिकवणारे कोठे शिकले, हेल्मेट आणि हार्नेस प्रत्येकाला मिळतात का, चढण्यापूर्वी गाठी आणि बकले दुसरा माणूस तपासतो का, दोर किती जुने आहेत, प्रथमोपचाराची सोय आणि जवळचे इस्पितळ कोठे आहे, हे सारे विचारा. चांगले शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट खूश होतात. आणि जेथे ‘घाबरलास काय रे?’ म्हणून मुलाला वर ढकलतात, तेथून त्याला सरळ घरी आणा.

मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी धुळीने माखून घरी आली, की आपण साहजिकच विचारतो, किती उंच चढलास? भीती वाटली का? हे प्रश्न विचाराच. पण गरम पाण्याने हातपाय धुऊन ती पानावर बसली, म्हणजे आणखी एक विचारून पाहा : आज तू कुणाचा दोर धरलास? त्या उत्तराला कदाचित जेवण संपेपर्यंत वेळ लागेल. लागू द्या.